आवाज बंद करून पाहिलेली उडी

२ सप्टेंबर

आत्या,

परवा फोनवर मी तुला अर्धा तास सगळं सांगितलं आणि शेवटी तू म्हणालीस, "बरं झालं बाई, सुटी तरी मिळाली." तेव्हा कळलं की तुझ्या कानापर्यंत काहीच पोचलेलं नाही. म्हणून लिहिते.

सुटी मिळालेली नाही. मला स्टोअरमध्ये बसवलंय. सात वर्षं क्रेन चालवणारी बाई आता खिडकीतून लोकांना बुटांची मापं विचारते आणि हेल्मेट देते.

२४ जुलैला सकाळी साडेदहाला मी वर केबिनमध्ये होते, पंचावन्न मीटरवर. खाली मास्तर होते. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, आमच्या साइटवरचे. वॉकीटॉकीवरून मला इशारे देण्याचं त्यांचं काम. माल इमारतीच्या पलीकडे उतरवायचा असला की मला वरून काही दिसत नाही, त्यांच्या आवाजावरच हात चालतो. ते म्हणाले, "उचल." मी उचललं. सळयांचा भारा होता. चार मीटर वर गेला आणि भाऱ्याला अडकवलेला एका बाजूचा पट्टा तुटला. भारा तिरका झाला आणि सळया ओघळल्या. खालचा आवाज वर येत नाही, त्यामुळे मला ते सगळं आवाजाशिवाय होताना दिसलं. वॉकीटॉकीवर फक्त मास्तरांचं "थां" एवढंच आलं, आणि मग खरखर.

ते वाचले. कंबर आणि उजवी मांडी मोडली आहे.

चौकशी झाली. 'पट्ट्यात दोष, ऑपरेटरची चूक नाही' असं लेखी आहे. ते वाक्य मला पाठ आहे. पण शिडीशी गेले की उपयोग होत नाही.

क्रेनच्या खांबाच्या आत सरळ उभी शिडी असते. दर सहा मीटरला दम खायला एक जाळीचा कट्टा. ही शिडी मी रोज चढायचे, पिशवी खांद्याला लावून, गाणं गुणगुणत. आता अकराव्या दांड्यावर बोटं गोठतात. अक्षरशः उघडत नाहीत. पहिल्या दिवशी मुकादमाने खालून विचारलं, "काय गं, रस्ता विसरलीस?" सगळे हसले. मीही हसले. तेवढं खाली उतरायला मला दहा मिनिटं लागली. तेव्हापासून रोज जाते आणि रोज अकराव्यावरून परत येते.

जुलैपासून क्रेन बंदच उभी आहे. मुकादम म्हणतो, तीस तारखेपर्यंत वाट बघेन, मग दुसरा ऑपरेटर आणेन. मला भीती वाटते की मी चढू शकणार नाही. आणि त्याहून जास्त भीती वाटते की चढेन, बसेन, आणि पुन्हा कुणीतरी म्हणेल, "उचल."

तुझी,
ठकू


६ सप्टेंबर

ठकू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्या वेळी वाचताना चहा उतू गेला.

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून अख्ख्या गावाला एकमेकांशी जोडून दिलं, आणि आता स्वतःची भाची फोनवर ऐकू येत नाही. 'सुटी मिळाली' म्हणाले त्याबद्दल माझ्याच कानाखाली एक वाजवायला हवी, पण कान आधीच कामातून गेलेत.

आता मी काय सांगते ते ऐक. सध्या जागतिक मैदानी स्पर्धा चालू आहेत. दिवसभर बघते, आवाज बंद करून. तसाही काय फरक पडतो! त्यामुळे कोण मोठा खेळाडू, कुणाच्या नावावर विक्रम, यातलं मला काही कळत नाही. मला नुसती माणसं दिसतात. आणि ही जगातली सगळ्यात तयार माणसं सुरुवातीच्या आधी भयंकर घाबरलेली असतात गं! गोळा फेकणारी एक दांडगी बाई, मानेशी गोळा धरला की तिच्या गळ्याची शीर उडताना दिसते. एका धावणाऱ्याने बुटाची नाडी चार वेळा सोडून बांधली. नाडी पहिल्या वेळीच नीट होती.

परवा पोल व्हॉल्ट होतं. लांब लवचीक काठी घेऊन पळत यायचं, ती खड्ड्यात रोवायची आणि आडव्या दांडीवरून पलीकडे जायचं. तीन संधी. समोर घड्याळ लावलेलं असतं, तेवढ्या वेळात उडी घेतली नाही तर ती संधी गेली. एक मुलगी होती, आखूड केस, गुडघ्याला निळी पट्टी. सुसाट पळत आली आणि ऐन रोवायच्या जागी थांबली. काठी हातात तशीच. पाठ फिरवून परत गेली. पुन्हा आली, पुन्हा थांबली. मला तुझा अकरावा दांडाच दिसला. खुर्चीतून ओरडले, "अगं जा!" शेवटच्या संधीला तिने हाताला पावडर लावली, काठीवरची पकड चार बोटं खाली घेतली, एक मोठा श्वास घेतला आणि गेली. दांडी हललीसुद्धा नाही.

तेव्हा असं कर. हाताला काम दे. ती सगळी तेच करतात. शिडीशी गेलीस की हातमोजे काढ, पुन्हा घाल. कंबरेच्या पट्ट्याचं बकल तपास. दांडे मोजूच नकोस.

माझी काळजी नको. सकाळी बागेपर्यंत फिरून येते, येताना भाजी आणते. पाय ठणठणीत आहेत.

एक विचारू? शिडीबद्दल इतकं लिहिलंस, आणि मास्तर कसे आहेत ते एका ओळीत उरकलंस. भेटून आलीस का त्यांना?

आत्या


११ सप्टेंबर

आत्या,

अकरावा ओलांडला! मंगळवारी. हातमोजे दोनदा काढून घातले, मुकादम म्हणाला, "लग्नाला निघालीस का?" त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तुझी ती निळ्या पट्टीची मुलगी डोळ्यांपुढे ठेवली आणि पहिल्या कट्ट्यापर्यंत गेले. सहा मीटर. मग जाळीतून खाली बघितलं. पिवळं हेल्मेट घातलेला कुणीतरी नेमका त्या जागेवरून चालत होता. मास्तरांच्या जागेवरून. मला उलटी झाली. जाळीतून थेट खाली. नशीब, तोवर तो माणूस पुढे गेला होता, नाहीतर दुसरी चौकशी लागली असती.

हसू नकोस. नाही, हस. मला आता कशाचंच हसू येत नाही. स्टोअरमध्ये कुणी लोखंडी पेटी आपटली की मी टेबलाच्या कडेला घट्ट धरते. रस्त्याने चालताना वर बघत चालते. डोक्यावर काही लटकत असेल तर फुटपाथ बदलते. काल साइटवरच्या पोरींनी विचारलं, "ताई, तुमची मान दुखते का?"

मास्तरांबद्दल विचारलंस. आठ दिवसांपूर्वी त्यांना तुझ्याच शहरात हलवलं, तिथल्या हाडांच्या मोठ्या रुग्णालयात. मी गेलेले नाही. इथे होते तेव्हाही गेले नाही. दोनदा वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. त्यांच्या बायकोचा एकदा फोन आला, मी तो वाजू दिला. काय बोलायचं असेल ते मला माहीत आहे.

कुणाला सांगितलेलं नाही ते तुला सांगते. त्या दिवशी लिव्हर ओढताना माझ्या हाताने झटका दिला का? चौकशीत कुणी विचारलं नाही. मी रोज आठवून बघते. कधी वाटतं, दिला. कधी वाटतं, नाही. मास्तर खाली होते, त्यांना भारा कसा उचलला गेला ते दिसलं असणार. ते तिथे पडल्या पडल्या छताकडे बघत माझा तो हात आठवत असणार.

हा विषय पुन्हा काढू नकोस.

तुझ्यासाठी एक दाराची घंटा पाठवते आहे. वाजली की दिवा लागतो. रजिस्टर पार्सल आहे, तुला स्वतः पोस्टात जाऊन सही करावी लागेल. तुझ्या बागेच्या वाटेवरच आहे पोस्ट.

त्या मुलीचं पुढे काय झालं? अंतिम फेरीत गेली का?

ठकू


१७ सप्टेंबर

ताई,

आपली ओळख नाही. तुमच्या आत्याबाईंच्या घराखाली माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. तुमची पत्रं मीच वर नेऊन देतो आणि त्यांची मीच पेटीत टाकतो. तुम्हाला काही सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली आहे. मी सांगत नाही, लिहितो आहे. एवढी पळवाट मला पुरे.

तुमच्या पार्सलची पोस्टातून दोनदा चिठ्ठी आली. मी माझ्या सहीवर आणायला गेलो, त्यांनी दिलं नाही. आता ते तुमच्याकडे परत येईल आणि तुम्ही कोड्यात पडाल, म्हणून हे पत्र.

आत्याबाई मे महिन्यापासून घराबाहेर पडलेल्या नाहीत. मे महिन्यात समोरचा रस्ता ओलांडताना मागून बस आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मी दुकानात बसून ऐकला, त्यांना ऐकू गेला नाही. बसचा आरसा खांद्याला लागला आणि त्या पडल्या. हाड वगैरे मोडलं नाही, कोपर खरचटलं. मीच उचलून आणलं. वर "काही नाही झालं, काही नाही झालं" असं मलाच समजावत होत्या. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन खाली आल्या, दाराशी पंधरा मिनिटं उभ्या राहिल्या आणि वर गेल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. मग यायच्याच थांबल्या. भाजी माझी बायको आणते. दिवसभर टीव्हीसमोर बसतात. परवा वर गेलो तर खेळाच्या कार्यक्रमासमोर रडत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, डोळ्यांत काहीतरी गेलंय. दोन्ही डोळ्यांत कसं जाईल?

विचारल्याशिवाय दुसऱ्याचं घड्याळ उघडायचं नाही हा माझा नियम. आज मोडला. राग आला तर माझ्यावर काढा, त्यांच्यावर नको.

घड्याळवाले


१९ सप्टेंबर

आत्या,

कुठली बाग? कुठली भाजी? पाय ठणठणीत!

घड्याळवाल्यांवर चिडू नकोस. ते म्हणाले राग त्यांच्यावर काढा, पण मला जमणार नाही. बस अंगावर आली, चार महिने तू घरात कोंडून घेतलंस, आणि मला लिहितेस 'हाताला काम दे'?

आणि दुसरं. कँटीनमध्ये जुन्या पेपरांचा गठ्ठा असतो. त्यात तुझी मुलगी सापडली. आखूड केस, गुडघ्याला निळी पट्टी, फोटोखाली दोन ओळी. एकही उंची पार न करता स्पर्धेबाहेर. शेवटच्या संधीलाही ती थांबलीच. तू तिला उडवलंस, आत्या. मी त्या उडीवर विश्वास ठेवून सहा मीटर चढले. हात सुटत होते तेव्हा स्वतःला सांगितलं, ती गेली ना, मग मी जाईन. आणि ती गेलीच नव्हती.

खुर्चीत बसून दुसऱ्याला 'जा' म्हणायला काय लागतं?

मी शिडीशी जाणं बंद केलंय. तीस तारखेची वाट कशाला बघायची, मुकादमाला सांगणार आहे, माणूस शोधा.

जेवत जा वेळेवर.

ठकू


२६ सप्टेंबर

ठकू,

सात दिवस उत्तर दिलं नाही. लिहायला हातात खरं असं काही नव्हतं. आता आहे.

आधी जे तुला कळलंय ते माझ्या तोंडून ऐक. मी घाबरले आहे. खाली दाराशी फरशी संपते आणि रस्ता सुरू होतो, तिथे पाय ठेवला की वाटतं, पाठीमागून काहीतरी येतंय. वळून बघितलं की वाटतं, आता दुसऱ्या बाजूने येतंय. ज्याला ऐकू येत नाही त्याला सगळ्या दिशा पाठीमागच्याच असतात. छातीत असं धडधडतं की तेवढं मात्र मला स्वच्छ ऐकू येतं. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, 'माझ्याकडे राहायला ये', आणि मग स्टेशनपर्यंत जावं लागलं असतं!

ती मुलगी. तिने उडी घेतली नाही, खरं आहे. तिसऱ्यांदाही ती तिथेच थांबली, घड्याळ शून्यावर गेलं आणि कुणीतरी लाल झेंडा वर केला. मी टीव्ही बंद करायला उठले. कॅमेरा तिला सोडून दांडी ओलांडलेल्या एका मुलीकडे गेला होता, पण पडद्याच्या कोपऱ्यात ती दिसत होती. टॉवेल तोंडावर घेऊन बसली. खांदे हलत होते. बराच वेळ. मग उठली आणि आपल्या काठ्या गोळा केल्या. पाच होत्या. एकेक काठी फडक्याने वरपासून खालपर्यंत पुसली, टोकाला कापड गुंडाळलं आणि लांब पिशवीत सरकवली. पिशवीची चेन अडकली तर ओढाताण केली नाही, वाकून हळूहळू सोडवली. इतकी रडलेली बाई इतक्या निगुतीने काम करताना मी पाहिली नव्हती. तिला त्या काठ्या पुन्हा लागणार होत्या, एवढंच.

हे मी तुला लिहायला हवं होतं. मला वाटलं, तुला जिंकलेली मुलगी हवी. खरं तर ती मलाच हवी होती. तुझं रागाचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा लाज वाटली. चांगली घसघशीत.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता खाली उतरले. घड्याळवाले दुकानातून बघत होते आणि बघत नसल्याचं सोंग करत होते. दोनदा परत वर गेले. तिसऱ्यांदा त्यांच्या बायकोला म्हटलं, "माझा हात धरू नकोस, फक्त उजवीकडून चाल." निघालो. रस्त्याच्या मध्यावर मी थांबले. एक ट्रक थांबला, ड्रायव्हर हाताने 'जा, जा' करत होता, आणि मला वाटलं तो 'मर, मर' करतोय. मी ओरडले असणार, कारण दोन्ही फुटपाथवरचे लोक माझ्याकडे बघत होते. मला काही ऐकू आलं नाही. पलीकडे पोचले आणि एका दुकानाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. ती बिचारी म्हणाली असावी, "चला परत." तोंडाच्या हालचालीवरून कळलं. मी म्हटलं, "परत जायला पुन्हा हाच रस्ता ओलांडावा लागेल. त्यापेक्षा पुढे चल."

आणि मी बागेत गेले नाही. हाडांच्या रुग्णालयात गेले. विषय काढू नकोस म्हणाली होतीस. काढला नाही. सरळ जाऊन भेटले.

तिसरा मजला, सहा खाटा, भिंतीवर टीव्ही. मास्तर खिडकीजवळ होते. दाढी वाढलेली, पाय टांगलेला. मी म्हटलं, "मी ठकूची आत्या." त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. मला वाटलं, संपलं, तू म्हणत होतीस तेच खरं. मग त्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं,

"ती नाही आली?"

ठकू, मला ऐकू आलं! साइटवर ओरडून ओरडून कमावलेला आवाज. एवढ्या वर्षांत पहिला माणूस, ज्याला मी 'काय?' असं विचारलं नाही.

"घाबरते," मी म्हटलं.

"कुणाला? मला?"

"तुम्ही तिच्यावर रागावला असाल म्हणून."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "बाई, 'उचल' मी म्हणालो. पट्टा बघणं माझं काम. रोज कडेवरून बोट फिरवून बघतो, चीर आहे का. त्या दिवशी घाई होती, नाही बघितलं. चौकशीवाल्यांना सांगितलं मी हे. तिला सांगायची हिंमत नव्हती. बायकोला फोन करायला लावला, तिने उचलला नाही. म्हटलं, तिला कळलं. आता या माणसाच्या शब्दावर ती पुन्हा काही उचलणार नाही."

मी सरळ विचारलं, "तिने लिव्हरला झटका दिला होता का?"

"झटका? तिने?" त्यांना राग आला, खरंच आला. "पाण्याने भरलेली टाकी ती अशी ठेवते की थेंब सांडत नाही. कोण म्हणतं झटका?"

"तीच."



समोर टीव्हीवर जुन्या शर्यती पुन्हा दाखवत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना दोन दांड्यांच्या मध्ये पहिल्यांदा उभं करणार होते. त्याची त्यांना एवढी धास्ती की सारखे विचारत होते, दांड्या पक्क्या असतात ना, भिंतीत बसवलेल्या असतात ना. मी त्यांना त्या मुलीची गोष्ट सांगितली. या वेळी खरी. सगळं ऐकून म्हणाले, "पाचही पुसल्या?" म्हटलं, "पाचही."

बुधवारी मी पुन्हा गेले. ते नऊ सेकंद उभे राहिले. मी घड्याळवाल्यांकडून घड्याळ घेऊन गेले होते, त्यात मोजले. तेवढ्यात जगातला सगळ्यात वेगवान माणूस जवळजवळ शंभर मीटर पळतो. यांनी तेवढ्यात नुसतं उभं राहून सगळा शर्ट घामाने भिजवला. मी टाळ्या वाजवल्या. नर्सने मला गप्प बसायची खूण केली, म्हणजे जोरात वाजवल्या असणार.

त्यांचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. फोन कर.

आणि हो, चार वेळा रस्ता ओलांडला तरी माझी भीती कणभर कमी झालेली नाही. आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर तू पुन्हा पेपरांचा गठ्ठा उपसशील.

आत्या


३० सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र परवा मिळालं. नंबर लावला आणि स्टोअरच्या मागे बुटांच्या खोक्यांवर बसले. तिकडून फोन उचलला गेला. मी म्हटलं, "मास्तर."  मग ते म्हणाले, "बोल, केबिन." सात वर्षं ते मला तसंच हाक मारतात.

"मी यायला हवं होतं," मी म्हटलं.

"मी सांगायला हवं होतं."

त्यानंतर दोघंही गप्प. वॉकीटॉकीवर इतका वेळ गप्प बसलो असतो तर मुकादमाने दोघांनाही घरी पाठवलं असतं. मग त्यांनी विचारलं, "वर गेलीस?"

"नाही. मास्तर, खूप भीती वाटते."

"मलाही. काल अकरा सेकंद झाले, बाराव्याला असा ओरडलो की शेजारच्याचा चहा सांडला." मग म्हणाले, "तुला जा म्हणणार नाही मी. गेलीस तर आधी पट्टे स्वतःच्या डोळ्यांनी बघ. कुणी बघितलेत म्हणालं तरी बघ. मी म्हणालो तरी बघ."

मुकादमाला मी 'माणूस शोधा' असं आधीच सांगून बसले होते. आज सकाळी साइटवर गेले तर नवा ऑपरेटर पिशवी खांद्याला लावून उभा. मी मुकादमाला म्हटलं, "मला आज एकदा चढू द्या." त्याने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "एकदाच."

मी आधी पट्टे मांडले. चार होते. बोट फिरवत गेले. तिसऱ्याच्या कडेला नखाएवढी चीर लागली. मला घाम फुटला, आत्या. मुकादम म्हणाला, "चालतो गं तेवढा."

"मग भाऱ्याखाली तुम्ही उभे राहा."

मी पट्टा कापून टाकला आणि नवा मागवला. त्यात पाऊण तास गेला. सगळी साइट माझ्या नावाने खडे फोडत होती.

मग चढले. धीटपणे वगैरे मुळीच नाही.  हात गोठले तिथे थांबले, दंड शिडीत अडकवून बोटं एकेक सोडवली. पाचव्या कट्ट्यावर खाली बसले आणि वाटलं, इथेच राहावं, वरही नको आणि खालीही नको. खालून कुणीतरी हाका मारत होतं. वर पोचायला पन्नास मिनिटं लागली. पूर्वी बारा लागायची. केबिनमध्ये माझा जुलैचा चहाचा कप तसाच होता, त्यात हिरवी लव उगवली होती.

वॉकीटॉकी लावली. मास्तरांच्या जागी एक नवी मुलगी आहे. "मॅडम, उचला," म्हणाली आणि तिचा आवाज इतका कापत होता की मी लिव्हरवरचा हात काढला.

"पहिलीच वेळ?"

"कोर्स केलाय, मॅडम."

"म्हणजे पहिलीच वेळ. ऐक, मीही घाबरले आहे. आपण दोघी हळू करू. तुला दिसेनासं झालं की लगेच 'थांब' म्हण, कारण नंतर सांग. पट्ट्यांजवळ कुणी आहे का?"

"नाही, मॅडम."

"पुन्हा बघ."

जरा वेळाने म्हणाली, "बघितलं. कुणी नाही. उचला."

फळ्यांचा भारा होता. एक मीटर वर घेतला आणि तसाच लटकत ठेवला, पूर्ण एक मिनिट. माझे डोळे त्या चार पट्ट्यांवरून हलेनात. मग हळूहळू नवव्या मजल्यावर ठेवला. तेरा मिनिटं. एरवी चार लागतात. भारा टेकला आणि ती म्हणाली, "बसला, मॅडम," आणि मी वर एकटीच मोठ्याने हुंदके देत होते. वॉकीटॉकीचं बोलायचं बटण सोडलेलं होतं, कुणाला ऐकू गेलं नाही.

दिवसभरात सहा खेपा केल्या. पूर्वी चाळीस व्हायच्या. खाली आले तेव्हा मुकादम म्हणाला, "या वेगाने ही इमारत माझ्या नातवाच्या लग्नापर्यंत उभी राहील." पण नव्या ऑपरेटरला त्याने दुपारीच दुसऱ्या साइटवर पाठवलं होतं. त्या मुलीला मी बोट फिरवून पट्टा कसा बघायचा ते शिकवलं. तिची बोटं अजून थंडगार होती. माझीही.

कपडे बदलताना माझी बटणं दुसऱ्या एकीने काढून दिली.

भीती गेली का म्हणून विचारू नकोस. उद्या सातला पुन्हा चढायचं आहे. सहाचा गजर लावला आहे.

ठकू